स्टँडवर सगळं ओके, ट्रॅकवर गाडी मधेच शटडाउन: इलेक्ट्रिक फॉर्म्युला स्टुडंट गाडीत हा फॉल्ट कसा शोधायचा

फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः रेस गाडी बनवून उतरायची स्पर्धा, आणि तिच्यासाठी इलेक्ट्रिक गाडी बनवणाऱ्या जवळपास प्रत्येक टीमला हा प्रॉब्लेम कधी ना कधी छळतोच. गाडी स्टँडवर असते, चाकं हवेत फिरतायत, अर्धा तास चालवा काही होत नाही. खाली उतरवून ट्रॅकवर नेली की थोडे लॅप नीट जातात आणि मग अचानक एआयआर (बॅटरी पॅक बाकी गाडीपासून तोडणारे मोठे रिले) उघडतात, टॉर्क जातो, गाडी घरंगळत जाऊन कुठेतरी थांबते. ढकलत आणायची, लॅपटॉप लावायचा, रीसेट मारायचा, तर परत सगळं ओके. मग एक जण म्हणतो आयएमडी (हाय व्होल्टेज आणि चासीमधलं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) गेलाय, दुसरी म्हणते एएमएसच्या (पॅकच्या सेलवर नजर ठेवणाऱ्या सिस्टिमच्या) कोडमधे घोळ आहे, तोपर्यंत तिसऱ्याने एक कनेक्टर काढून परत घट्ट लावलेला असतो, आणि त्या दिवशी नेमकी गाडी चालते म्हणून सगळ्यांना वाटतं झालं काम. पुढच्या टेस्टिंगला परत तेच.

हा फॉल्ट महिनोनमहिने टिकतो त्याचं कारण माझ्या मते एकच आहे, लूप, म्हणजे एआयआर धरून ठेवणारं शटडाउन सर्किट, आधी कोणी उघडला हे कळायच्या आत लोक दुरुस्ती सुरू करतात. एआयआर उघडले की पाठोपाठ सगळेच बोंब मारायला लागतात. डीसी लिंकचं (एआयआरच्या पुढच्या, इन्व्हर्टरकडच्या बाजूचं) व्होल्टेज पडलं म्हणून इन्व्हर्टर (पॅकच्या डीसीवर मोटर चालवणारा भाग) अंडरव्होल्टेज दाखवतो, इन्व्हर्टर गप्प झाला म्हणून व्हेइकल कंट्रोलर कॅन (गाडीतल्या कंट्रोलरांना जोडणारी डेटा बस) टाइमआउट दाखवतो, आणि डॅशबोर्डवर पाच फॉल्ट दिसतात ज्यातले चार नुसते परिणाम असतात. लॅपटॉपवर सगळ्यात वर दिसणारा फॉल्ट हाच गुन्हेगार असं धरून चाललात तर आयुष्यभर इन्व्हर्टरचे पॅरामीटर बदलत बसाल.

शटडाउन सर्किट म्हणजे सरळ एकामागोमाग एक जोडलेली साखळी आहे. एलव्ही (लो व्होल्टेज, म्हणजे १२ व्होल्टची बाजू) मास्टर स्विच, तीन शटडाउन बटणं, इनर्शिया स्विच (धडकेच्या धक्क्याला उडणारा), ब्रेक ओव्हर ट्रॅव्हल स्विच (ब्रेक पेडल प्रमाणाबाहेर गेलं की पडणारा), बीएसपीडी (जोराचा ब्रेक आणि मोटरला पॉवर एकत्र आलं की लूप तोडणारं सर्किट), आयएमडी, एएमएस, कनेक्टरांचे इंटरलॉक (कनेक्टर सुटला की लूप तोडणारे छोटे संपर्क), टीएस (हाय व्होल्टेज, म्हणजे एचव्हीची बाजू) मास्टर स्विच, आणि शेवटी एआयआरची कॉइल. कॉइलचा करंट खरोखर या सगळ्यांतून वाहत जातो, मधे कोणी सॉफ्टवेअर परवानगी देत नाही. म्हणजे यातलं काहीही क्षणभर उघडलं की गाडी बंद.

पहिला पुरावा फुकट मिळतो, फक्त तो पुसू नका. गाडी थांबली की लगेच एलव्ही बंद करू नका, रीसेट दाबू नका, कनेक्टरला हात लावू नका. एएमएस आणि आयएमडी लॅच होतात, म्हणजे एकदा ट्रिप झाले की रीसेट करेपर्यंत तसेच राहतात, त्यांनी लूप उघडला असेल तर त्यांचा लाल दिवा लागलेलाच राहतो आणि ड्रायव्हरला कॉकपिटमधून तो घालवता येत नाही. इनर्शिया स्विच उडाला असेल तर हाताने दाबावा लागतो, ब्रेक ओव्हर ट्रॅव्हलचा स्विच पडला असेल तर तो पडलेला दिसतो. आता समजा यातलं काहीच नाही, दिवा नाही, स्विच जागेवर, आणि ड्रायव्हरने परत टीएस चालू केलं तर गाडी चालूही झाली, तर लूप स्वतःच उघडला आणि स्वतःच जुळला. असं तीनच ठिकाणी होऊ शकतं: वायरिंग आणि इंटरलॉक, एलव्ही व्होल्टेजचा क्षणिक झोल, किंवा बीएसपीडी, कारण त्याला कारण गेल्यावर दहा सेकंदांनी आपोआप रीसेट व्हायची मुभा नियमांत आहे. एवढ्याशा निरीक्षणाने अर्धी यादी कटते, म्हणून ट्रॅकच्या कडेला उभ्या असणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा की गाडी बंद पडली तर आधी बघायचं, फोटो काढायचा, मगच हात लावायचा.

दुसरं काम लॉगिंगचं, आणि इथे खरंच वेळ घालवा. एआयआर सुटायला दहा-पंधरा मिलिसेकंद पुरतात. एकदा सुटला की संपर्क परत जुळला तरी तो आपोआप बसत नाही, कारण प्रीचार्ज (डीसी लिंक आधी रेझिस्टरमधून हळू भरणं) परत व्हायला लागतो, डीसी लिंक पॅकच्या ९५ टक्क्यांपर्यंत भरल्याशिवाय दुसरा एआयआर लावायचाच नाही असा नियम आहे. म्हणजे वीस मिलिसेकंदाचा ब्रेक येऊन गेला तरी गाडी पूर्ण बंद, आणि तुमचा लॉगर दर शंभर मिलिसेकंदाला लूपची स्थिती वाचत असेल तर त्याला बहुतेक वेळा काही दिसणारच नाही.

त्यामुळे एक छोटा बोर्ड करा. साखळीतल्या प्रत्येक घटकानंतरच्या पॉइंटवरून एक टॅप घ्या, सिरीजला मोठा रेझिस्टर म्हणजे टॅपमधून लूपला चुकूनही सप्लाय जाणार नाही, पुढे ऑप्टोकपलर किंवा कंपॅरेटर, आणि तो मायक्रोकंट्रोलरच्या इंटरप्ट पिनवर. पोलिंग (ठरावीक वेळाने वाचणं) नको, इंटरप्टच (बदल झाला की त्याच क्षणी नोंद) पाहिजे. लूप तुटतो तेव्हा तुटलेल्या जागेच्या पुढचे सगळे पॉइंट शून्यावर जातात आणि मागचे सगळे बारा व्होल्टवर राहतात, म्हणजे पहिला शून्य झालेला पॉइंट आणि त्याच्या अलीकडचा जिवंत पॉइंट यांच्या मधेच फॉल्ट आहे, याच्यात वादाला जागा उरत नाही. ती पहिली स्थिती फ्लॅशमधे लिहून ठेवायची, नंतर कितीही बदल झाले तरी ओव्हरराइट करायची नाही. त्याच बोर्डवर एलव्ही बसचं व्होल्टेज पण फास्ट सॅम्पल करा आणि सगळ्यात कमी किती गेलं ते धरून ठेवा. एक काळजी घ्या, लूप उघडला की कॉइलमुळे पुढचे पॉइंट निगेटिव्हमधे झटका खातात, त्यामुळे इनपुटला क्लॅम्प हवाच, नाहीतर पहिल्याच शटडाउनला बोर्ड जाईल. बोर्ड करायला वेळच नसेल तर एकच टॅप घ्या, साखळीच्या मधोमध. एक रन, कळलं पुढचा अर्धा की मागचा अर्धा. मग त्या अर्ध्याच्या मधोमध. हळू आहे पण दर रनला संशयित निम्मे होतात, अंदाजाने पार्ट बदलण्यापेक्षा कधीही बरं.

आता लॉगमधे वायरिंगचा तुकडा सापडला असं धरू, कारण बहुतेक वेळा तोच सापडतो. इथे मल्टिमीटरच्या बीपवर अजिबात विश्वास ठेवू नका. कंटिन्युइटी मोडमधे मीटर जेमतेम मिलिअँपिअर सोडतो, एका तारेवर लटकलेल्या क्रिंपमधून (वायरवर दाबून बसवलेल्या पिनेच्या जोडातून) तेवढे आरामात जातात आणि मीटर आनंदाने वाजतो. एआयआरला ओढून घेताना काही अँपिअर लागतात, मग इकॉनॉमायझर (कॉइलचा करंट कमी करणारं सर्किट) चालू झाला की धरून ठेवायला त्याचा अगदी छोटा भाग. म्हणून लूपला लोड देऊन तपासायचा. एचव्हीडी (हाय व्होल्टेज हाताने तोडायचा प्लग) काढलेला, अॅक्युम्युलेटर (बॅटरी पॅक) बाजूला, त्यामुळे उघडे पडलेले इंटरलॉक फक्त या टेस्टपुरते जंपरने जोडा, आणि एआयआरच्या कॉइलच्या जागी १२ व्होल्टचा २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा, तो पावणेदोन अँपिअर घेतो. लूप चालू करा, बल्ब पेटेल. आता एकाने बल्बकडे बघायचं आणि दुसऱ्याने हार्नेस (वायरिंगचा जुडगा) हलवायचा, कनेक्टर एकेक करून दाबायचा, ओढायचा, वळवायचा, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, सीटवर कोणीतरी बसून ब्रेक जीव खाऊन दाबायचा. बल्ब जिथे लुकलुकला तिथे थांबा. व्होल्टेज ड्रॉप पण याच वेळी मोजा, काळा प्रोब एलव्ही मायनसला, लाल प्रोब एकेका पॉइंटवर. दोन शेजारच्या पॉइंटमधे अर्धा-पाऊण व्होल्ट गेला तर तो जोड खराब आहे, आज चालत असला तरी.

कनेक्टर उघडल्यावर काय बघायचं ते नीट सांगतो कारण नुसतं बघून परत लावणारे खूप आहेत. टॉर्च समोरून मारा आणि सगळ्या पिनांची तोंडं एका रेषेत आहेत का बघा. एखादी पिन दीड-दोन मिलिमीटर आत सरकलेली असते, म्हणजे तिचं लॉक हाउसिंगमधे बसलेलंच नाही, समोरचा भाग लावला की ती मागे ढकलली जाते आणि टोकाला जेमतेम टेकते. स्टँडवर टेकलेली राहते, गाडी कर्बवर (ट्रॅकच्या उंच कडेवर) गेली की सुटते. मागून वायर हलकी ओढा, पिन वायरसकट बाहेर आली तर सापडलं. क्रिंपवर कोणी वरून सोल्डर ओतलं असेल तर ती वायर कापून नवीन क्रिंप करा, सोल्डर तारांमधे जिथपर्यंत चढतं तिथे वायर कडक होते आणि व्हायब्रेशनने नेमकी त्याच रेषेवर तुटते, वरून इन्सुलेशन मात्र धडधाकट दिसतं. इंटरलॉकच्या पिना मुद्दाम आखूड असतात, शेवटी जुळतात आणि आधी सुटतात, त्यामुळे एचव्हीडी किंवा एचव्ही कनेक्टर पूर्ण क्लिक झाला नसेल तर पॉवर व्यवस्थित जाते पण इंटरलॉक काठावर असतो.

शटडाउन नेहमी ब्रेकिंगलाच होत असेल तर वायरिंगच्या आधी पेडल बॉक्स बघा. जोरात ब्रेक मारला की पेडल बॉक्सचं माउंटिंग वाकतं आणि पेडल ओव्हर ट्रॅव्हल स्विचला शिवतं, हे स्टँडवर कधीच दिसणार नाही कारण स्टँडवर कोणी तेवढ्या ताकदीने ब्रेक मारत नाही. दुसरा संशयित बीएसपीडी. जोराचा ब्रेक आणि मोटरकडे ५ किलोवॉटच्या वर पॉवर हे दोन्ही एकत्र अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकलं की तो उघडतो. रीजन (ब्रेकिंगला मोटरने पॅक परत चार्ज करणं) चालू असेल आणि करंट सेन्सरचा सिग्नल सर्किटने उलटसुलट दोन्ही दिशांनी मोजला तर रीजनलाच तो ड्राइव्ह पॉवर समजतो. सेन्सरचा शून्याचा ऑफसेट पण तपासा. इनर्शिया स्विच उडत असेल तर तो कशावर बसवलाय ते बघा, तो ८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या आठपट) आणि त्याहून मोठ्या धक्क्याला उडायला बनवलेला असतो, पातळ पत्र्यावर लावला तर तो पत्रा स्वतःच धक्का वाढवतो. चासीच्या कडक भागावर हलवा, विषय संपला.

एलव्हीचा झोल लॉगमधे लगेच दिसतो. पंप आणि फॅन एकाच वेळी चालू होतात, बॅटरी अर्धी उतरलेली, आणि व्होल्टेज क्षणभर एवढं पडतं की एएमएसचा कंट्रोलर रीबूट होतो. रीबूटमधे त्याचं ओके आउटपुट खाली जातं, लूप उघडतो, आणि बूट झाल्यावर त्याला काही आठवत नाही. म्हणून बूट झाल्या झाल्या रीसेटचं कारण वाचून कॅनवर पाठवा, बहुतेक मायक्रोकंट्रोलरमधे त्याचं रजिस्टर असतं. पंप-फॅन मागेपुढे चालू करा आणि ग्राउंडचा मुख्य बोल्ट पेंट खरवडून लावा.

आयएमडीचा दिवा लागला तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. तो एचव्ही आणि चासीमधे छोटा मोजणी सिग्नल सोडून रेझिस्टन्स काढतो आणि त्याला वेळ लागतो, बेंडरच्या आयआर१५५ ला वीस सेकंदांपर्यंत. म्हणजे तिसऱ्या वळणावर गाडी बंद पडली म्हणून दोष तिसऱ्या वळणावर झाला असं नाही, कदाचित मागच्या चिखलातून, मागच्या कर्बवरून गेली तेव्हा झाला असेल. आधी त्याचा पीडब्ल्यूएम (सारखा चालू-बंद होणाऱ्या पल्सचा) सिग्नल लॉग करा, नुसतं ओके आहे की नाही एवढं वाचून काही उपयोग नाही. फ्रिक्वेन्सी स्थिती सांगते: १० हर्ट्झ नॉर्मल, २० म्हणजे एचव्ही अंडरव्होल्टेज, ४० म्हणजे डिव्हाइसचा स्वतःचा एरर, ५० म्हणजे त्याच्या चासी वायरचा दोष. ५० दिसलं तर इन्सुलेशन शोधत बसू नका, त्याची अर्थची वायर सैल आहे. १० हर्ट्झवर ड्यूटी सायकलमधून (पल्स किती टक्के वेळ चालू असतो त्यातून) रेझिस्टन्स निघतो, ५० टक्के म्हणजे १२०० किलोओहम, आणि जशी ड्यूटी वाढते तसा रेझिस्टन्स पडतो. ट्रिप पॉइंट ५०० ओहम प्रति व्होल्ट, म्हणजे ४०० व्होल्टच्या पॅकला २०० किलोओहम, आणि तो ड्यूटीमधे साधारण ८२ टक्क्यांवर येतो. ड्यूटी लॅपागणिक हळूहळू चढत असेल तर ओलावा किंवा कूलंट, एकदम उडी मारत असेल तर कुठेतरी केबल घासतेय.

शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. कार्बन फायबर करंट वाहून नेतं हे विसरून मोनोकॉकच्या (कार्बन फायबरच्या एकसंध चासीच्या) कडेवरून नेलेली केशरी एचव्ही केबल, शील्डची एखादी सुटी तार जी लगच्या बाजूला शिवते, मोटरच्या टर्मिनल बॉक्समधे झिरपलेलं कूलंट, आणि अॅक्युम्युलेटर कंटेनरमधे पडलेली कार्बनची घासलेली पावडर. शेवटची गोष्ट फार दुर्लक्षित राहते, कंटेनर ज्या खोलीत उघडा असतो तिथेच कोणीतरी बॉडी पॅनल घासत असतं. स्पर्धेतल्या रेन टेस्टला १२० सेकंद पाणी मारतात आणि पाणी थांबल्यावर अजून १२० सेकंद थांबतात, त्यामुळे घरी तपासतानाही पाणी बंद केल्यावर लगेच टाळ्या वाजवू नका, झिरपायला वेळ लागतो.

इन्सुलेशन टेस्टर लावायचा असेल तर आयएमडी, इन्व्हर्टर आणि एएमएसचे बोर्ड आधी सोडवा, नाहीतर टेस्टरचं व्होल्टेज त्यांनाच खाईल, आणि एकेक भाग सुटा करून मोजा. आणि हे सगळं करताना एचव्ही ट्रेनिंग घेतलेले दोघं जण पाहिजेत, ग्लोव्हज पाहिजेत, एचव्हीडी काढल्यावर डीसी लिंक ६० व्होल्टच्या खाली गेलं हे मीटरने बघितल्याशिवाय काहीही उघडायचं नाही. डिस्चार्ज पाच सेकंदांत व्हायला हवा हे नियमात आहे पण तुमच्या गाडीतला डिस्चार्ज रेझिस्टर आज जिवंत आहे का हे नियम सांगत नाही. स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप न झालेल्या माणसाने तर पॅकला हातच लावू नये.

राहिला एएमएस. इथे पहिला प्रश्न असा की सेल खरंच लिमिटच्या बाहेर गेला का डेटा खराब आला. दोन्ही लॉग करा: प्रत्येक सेलचं व्होल्टेज पॅक करंटसकट, आणि कम्युनिकेशनच्या चेकसम (डेटा वाटेत बिघडला का हे दाखवणारा आकडा) एररचा काउंट. चेकसम एरर इन्व्हर्टरचं स्विचिंग चालू झाल्या झाल्या, टॉर्क शून्य असतानाच वाढायला लागले तर तो नॉइज आहे. आयसोएसपीआयची (एएमएसच्या बोर्डांना जोडणाऱ्या डेटा लाइनची) वायर नीट पिळलेली आहे का, ती फेज केबलच्या शेजारून जाते का, शील्ड जिथे चासीला जोडायची तिथे जोडली आहे का ते बघा. कोडमधे एका खराब फ्रेमवर फॉल्ट देत असाल तर ते चूक आहे, परत वाचा, पण टाइमआउट नियमाच्या मर्यादेपलीकडे ताणू नका, मॉनिटरिंग आंधळं करून गाडी चालवणं हा उपाय नव्हे.

चेकसम स्वच्छ आणि एकच सेल करंटबरोबर पडत असेल तर ग्राफ मोठा करून बघा. सेल खरंच कमजोर असेल तर करंट थांबल्यावर व्होल्टेज सावकाश वर येतं. पण करंट सोडल्याक्षणी पुढच्याच सॅम्पलला ते पूर्ण जागेवर आलं, आणि रीजनला तोच सेल बाकीच्यांपेक्षा वर गेला, तर सेल चांगला आहे, बसबारचा (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा) जोड सैल आहे. हिशोब करून बघा, १५० अँपिअरला जोडात फक्त २ मिलिओहम जास्त असले तरी ०.३ व्होल्ट गेले, म्हणजे ३.२ वर असलेला सेल एएमएसला २.९ दिसतो आणि तो बिचारा बरोबरच लूप उघडतो. स्टँडवर चाकं हवेत असताना करंट दहा-वीस अँपिअरच्या पुढे जात नाही, ड्रॉप दिसेलच कसा. हेच कारण आहे की बरेच एएमएस फॉल्ट फक्त ट्रॅकवर येतात. असा जोड गरमही होतो, त्यामुळे याला उशीर करू नका, बोल्ट टॉर्क रेंचने कसा आणि खूण करा.

कॅन बसबद्दल थोडक्यात, कारण नुसत्या कॅन एररने लूप उघडत नाही जोवर तुम्ही कोडमधे तसं लिहिलेलं नाही. पॉवर बंद करून दोन वायरींमधे ६० ओहम आले पाहिजेत, १२० आले तर एका टोकाचा टर्मिनेशन रेझिस्टर सुटलाय, ४० आले तर कोणीतरी तिसरा लावलाय.

दुरुस्ती झाली असं कधी म्हणायचं? दुरुस्तीच्या आधी तो फॉल्ट मुद्दाम आणता आला पाहिजे, तीच वायर हलवून, तेवढाच करंट ओढून, तिथेच पाणी मारून, आणि दुरुस्तीनंतर तेच केल्यावर तो येता कामा नये. ज्या फॉल्टला मुद्दाम आणता आलं नाही तो नुसता गायब झाला तर मी त्याला सुटलेला धरत नाही, फॉल्टच्या वहीत उघडाच ठेवतो. त्यानंतर एन्ड्युरन्सचं (स्पर्धेतल्या सगळ्यात लांब शर्यतीचं) पूर्ण अंतर चालवा, २२ किलोमीटर, मधे ड्रायव्हर बदलून, गाडी बंद करून गरम असतानाच परत चालू करून, कारण गरम रेझिस्टरने प्रीचार्ज होतो का हे त्याच वेळी कळतं. आणि तो लॉगर बोर्ड स्पर्धेला जाताना वजन वाचवायला काढू नका.